यूरो २०२५ : आइसलंडच्या पोरी शून्यावर घरी गेल्या आणि मला त्यांचा हेवा वाटतोय

हिरवा_चाफा | १२ जुलै २०२५

परवा गुरुवारी थूनला नॉर्वे–आइसलंड मॅच बघून आले. डोकं अजून तिथेच अडकलंय म्हणून धागा काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी सहा वर्षं बर्नला राहते. फुटबॉलचा आणि माझा संबंध म्हणजे लहानपणी भाऊ रात्री जागून मॅच बघायचा आणि सकाळी आईच्या शिव्या खायचा, बास एवढाच. यंदा बायकांची यूरो (युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा) इथेच, स्वित्झर्लंडमध्ये, तर ऑफिसात तिकिटांची देवाणघेवाण चालू होती आणि फिरत फिरत माझ्याकडे आली आइसलंडच्या मॅचची तिकिटं, कारण स्विसवाली सोडली तर बाकी दोन कुणाला नकोच होती. म्हटलं चला, तीन संध्याकाळी बाहेर पडणं होईल.

पहिली मॅच २ तारखेला फिनलंडशी. कॅप्टन ग्लोदिस (बायर्न म्युनिकची पण कॅप्टन, यंदा त्यांनी लीग आणि कप दोन्ही मारले) हाफ टाइमला पोट बिघडलं म्हणून बाहेर, मग हिल्दूरला दुसरं पिवळं म्हणजे लाल, दहा जणी उरल्या आणि ७० व्या मिनिटाला गोल खाल्ला. ०-१. दुसरी इथे बर्नला वांकडॉर्फमध्ये स्विसशी. (माझ्या माहेरच्यांना ते वाकड ऐकू येतं, त्यांना वाटलं मी पुण्यात आलेय.) ७६ मिनिटं बरोबरीत काढली, मग एक, मग अगदी शेवटी अजून एक. ०-२. खेळ खल्लास. तिसऱ्या मॅचला काही अर्थच उरला नव्हता, आइसलंड बाहेर आणि नॉर्वे आधीच आत.

आणि त्या अर्थ नसलेल्या मॅचला सात गोल झाले! सहाव्या मिनिटाला स्वेन्दिसने मारला, स्पर्धेतला त्यांचा पहिला गोल, आमच्या बाजूच्या निळ्या घोळक्याने जे काही केलं ते पाहून मला वाटलं कप जिंकला. मग नॉर्वेच्या त्या विशीतल्या गाउपसेतने दोन मारले, मानुमने दोन, ४-१. शेवटच्या दहा मिनिटांत आइसलंडने दोन परत केले, त्यातला शेवटचा ग्लोदिसचा पेनल्टीवर, तोही इंज्युरी टाइम संपता संपता. ३-४. तीन मॅच, तीन हार, शून्य गुण.

आता मुद्दा. परतीच्या ट्रेनमध्ये माझ्यासमोर एक आइसलंडिक कुटुंब बसलं होतं, आजोबा, त्यांची मुलगी, दोन नाती, चौघांच्या गालावर निळा-पांढरा-लाल रंग. मी आपली सांत्वन करायला गेले, म्हटलं अहो तुमचा देश केवढासा, इथवर आलात हेच किती मोठं आहे. तर त्या बाईंचा चेहराच उतरला. रागावून नाही, पण स्पष्ट बोलल्या की आम्ही इथे यायला नाही, ग्रुप पार करायला आलो होतो, ही टीम आजवरची सगळ्यात चांगली टीम होती आणि आम्ही वाईट खेळलो. आजोबा तर पूर्ण वीस मिनिटं कोचला झोडत होते, मुलगी थोडं थोडं इंग्रजी करून सांगत होती, थोडं गाळतही असावी.

मी गप्प बसले. पण मनात एकच आलं, की यांच्या मुली हरल्या तर यांना राग येतो. कौतुक नाही, दया नाही, राग. आपल्याकडे बायकांची टीम हरली तर येतो का कुणाला राग? येतं ते "बिचाऱ्या".

आणि देश केवढा, तर चार लाखांच्या आत. आपल्या एकट्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २०११ ला साडेआठ लाख होती. म्हणजे सावंतवाडी, कुडाळ, मालवण, वेंगुर्ले एवढ्यातून टीम काढायची आणि जर्मनीशी खेळायचं. आणि हसू नका, गेल्या वर्षी १२ जुलैला, म्हणजे बरोबर आजच्याच दिवशी, या बायांनी रेकयाविकला जर्मनीला ३-० ने धुतलं, त्यावरच तर या यूरोत आल्या. त्याच जर्मनीने पुढच्या महिन्यात ऑलिंपिकचं ब्राँझ नेलं.

इथे कुणी फॉलो करतं का यांना? मी घरी येऊन दोन दिवस नुसती वाचतेय.

---

भिंगरी_२१

मस्त लिहिलंयस गं. मी मॅच पाहिली नाही पण स्कोअरबोर्डचा फोटो पाहिला, सगळ्यांच्या नावामागे दोत्तिर दोत्तिर, मला वाटलं सगळ्या बहिणीच आहेत की काय 😄

---

हिरवा_चाफा

@भिंगरी, अगं ते आडनाव नाहीच. दोत्तिर म्हणजे कन्या. ग्लोदिस पेर्ला विग्गोस्दोत्तिर म्हणजे विग्गोची मुलगी. मुलगा असता तर विग्गोसन. आपल्याकडे मधलं नाव बापाचं असतं तसंच, फक्त त्यांनी पुढचं घराणं, गाव, वतन सगळं कापून टाकलंय. म्हणून तिथे सगळे एकमेकांना पहिल्या नावानेच हाक मारतात, पंतप्रधानालासुद्धा, आणि फोनची डिरेक्टरी पण पहिल्या नावाने लावलेली. लग्न झालं तरी नाव बदलत नाही कारण नवऱ्याच्या बापाची मुलगी कशी होणार!

---

भिंगरी_२१

हे सासूबाईंना वाचून दाखवते.

---

तांबडा_रस्सा

नाद खुळा धागा. ताई तुम्ही सिंधुदुर्ग म्हणालात, मी म्हणतो नुसतं कोल्हापूर शहर धरा. साडेपाच लाखाचं शहर, म्हणजे आइसलंडपेक्षा मोठं, आणि फुटबॉलचं येड म्हणाल तर शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली की दुपारपासून पेठेत गाड्या हलत नाहीत. पोरं जीव टाकतात. पण कोल्हापुरातनं आजवर देशाच्या टीमला किती गेले ते बोटावर मोजा, आणि ते चार लाख लोक जर्मनीला हरवतात. मग येड कमी पडतं असं नाय, दुसरंच कायतरी कमी पडतं.

माझी पुतणी खेळते, वय १३. पायात बॉल असा चिकटतो की बघत राहावं. शाळेत मुलींची टीम आहे, कागदावर. ग्राउंड मुलांचं झालं की मिळणार, मुलांचं होतं सहाला, सहा वाजता हिवाळ्यात अंधार. सर भले आहेत पण ते पीटीचे सर, कबड्डी पण तेच, लेझीम पण तेच, १५ ऑगस्टचं संचलन पण तेच. शाळेचं नाव सांगत नाय, सगळीकडं हेच आहे. आमची वैनी म्हणते दहावीपर्यंत खेळू दे मग बघू. मग बघू म्हणजे काय ते सगळ्यास्नी माहीत आहे.

---

निवृत्त_हेडक्लार्क

धागा वाचला. माहितीपूर्ण. परंतु एक शंका. लोकसंख्या कमी असणे ही अडचण आहे असे गृहीत धरून सर्वजण अचंबा करीत आहेत. मला उलट वाटते. चार लाखांत कोण पोरगी कुठे चांगली खेळते हे सर्वांना ठाऊक असणार, निवड समितीला विमानाने हिंडायला नको. आमच्या खात्यात लहान तालुक्याचे दप्तर नेहमी नीट असायचे, मोठ्या जिल्ह्याचे कधीच नाही.

---

अक्षांश६४

वाचनमात्र होतो, पण हा धागा बघून लॉगिन केलं, पासवर्ड रीसेट करून. मी कामानिमित्त तीन वर्षं रेकयाविकला होतो, मुलगी तेव्हा ५ ते ८ वर्षांची, त्यामुळे हे सगळं तिच्या डब्यापासून पाहिलंय.

हेडक्लार्क काका म्हणतात ते अर्धं खरं आहे. माणसं कमी म्हणून कुणी सुटत नाही, हो. पण काका, फक्त कमी असून भागत नाही, नाहीतर जगात लहान देश कितीतरी आहेत. तिथे काय होतं सांगतो.

मुलगी पाच वर्षांची, शाळेतल्या मैत्रिणी जातात म्हणून हट्ट करून वस्तीतल्या क्लबात गेली. मला वाटलं दोन-चार आया-बाप शिट्टी घेऊन उभे असतील. कोच आला तो यूईएफएचं (युरोपची फुटबॉल संघटना) बी लायसन्सवाला, पगारी. पाच वर्षांच्या पोरांना! नंतर कळलं की हेच तिथलं नेहमीचं. पुरुषांची टीम २०१६ ला गाजली तेव्हा जगभर छापून आलं होतं, देशात बी लायसन्स किंवा वरचे कोच सहाशेच्या वर, म्हणजे साधारण पाचशे माणसांमागे एक. आपल्याकडे पाचशे माणसांमागे किराणा दुकानसुद्धा नसेल (असेल, हलके घ्या).

दुसरं म्हणजे हॉल. तिथे हिवाळा म्हणजे नुसतं थंड नाही हो, वारा. छत्री ही चीज तिथे चालतच नाही. ऑक्टोबर ते एप्रिल बाहेर खेळणं म्हणजे शिक्षा. तर त्यांनी २००० साली केफ्लाविकला पूर्ण मापाचं फुटबॉल मैदान छताखाली घेतलं, रेक्यानेसहॉल नाव त्याचं, मग एकापाठोपाठ एक गावोगाव बांधले. नगरपालिकेने बांधले बरं का, कुठल्या धनाढ्य क्लबाने नाही. शाळेच्या शेजारीच. पोरं शाळा सुटली की चालत आत. आता टीममध्ये ज्या विशी-पंचविशीतल्या आहेत, स्वेन्दिस, कारोलिना वगैरे, त्या सगळ्या हॉलनंतरच्या. आणि हॉल मुलांचा झाला की मुलींना असं नाही, वेळापत्रक लावलेलं असतं, आमच्या लेकीचं मंगळवार-गुरुवार चार वाजता, शेजारच्या मुलाचं पाच वाजता. तांबडा भाऊ, तुमच्या पुतणीचं वाचून हेच आठवलं. फरक जादूचा नाही, वेळापत्रकाचा आहे.

वर आणि रेकयाविकची नगरपालिका प्रत्येक मुलामागे वर्षाला ठरावीक रक्कम देते, खेळ किंवा संगीत किंवा काहीही क्लास लावा. आम्ही परदेशी, तरी मिळाली.

बाकी गंमत म्हणजे लेकीची पहिली कोच होती ती लीगच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळायची. शनिवारी टीव्हीवर दिसायची आणि मंगळवारी हिच्या बुटाची नाडी बांधायची.

---

खवचट_खान

बायकांचं कौतुक चाललंय ते ठीक, पण आइसलंडला जगाने ओळखलं ते २०१६ च्या यूरोत, नीसला इंग्लंडला २-१ हरवून आणि ते हू-हू टाळ्या वाजवून. ते पुरुष होते. २०१८ ला वर्ल्ड कप खेळले ते पण पुरुष. मुली मागून आल्या की गाडीत बसायला.

---

अक्षांश६४

@खवचट, दादा उलट आहे. आइसलंडची मोठ्या स्पर्धेत गेलेली पहिली सीनियर फुटबॉल टीम बायकांची, यूरो २००९, फिनलंड. पुरुष त्यानंतर सात वर्षांनी. गाडी बायकांनी काढली.

आणि ती कशी काढली ते ऐका. ऑक्टोबर २००८. त्याच महिन्यात देशातल्या तिन्ही मोठ्या बँका बुडालेल्या, लोकांचे पैसे अडकलेले, सगळीकडे सुतक. आणि महिन्याच्या शेवटी आयर्लंडशी प्ले-ऑफ, डब्लिनला १-१ झालेली. घरची मॅच गोठलेल्या मैदानावर, बर्फावरून घसरत घसरत झाली, आयरिश पोरी बिचाऱ्या उभ्याच राहू शकत नव्हत्या. ३-०. मी तेव्हा तिथे नव्हतो, पण माझ्या ऑफिसातले लोक ते आठवताना बँकांचं आधी सांगायचे आणि मॅचचं मग, एकाच वाक्यात.

---

खवचट_खान

बर. हे माहीत नव्हतं. मागे घेतो. (नोंद घ्यावी, वर्षातून एकदाच घेतो.)

---

निवृत्त_हेडक्लार्क

नोंद घेतली.

---

ओवी_च्या_आई

मी सारा ब्यर्कची फॅन आहे आणि तिचं नाव अजून कुणीच काढलं नाही म्हणून लिहितेय.

सारा ब्यर्क गुन्नार्सदोत्तिर, देशासाठी १४५ मॅच, बरीच वर्षं कॅप्टन. २०२० ला लिऑनकडून चॅम्पियन्स लीग जिंकली, फायनलला वोल्फ्सबर्गविरुद्ध म्हणजे स्वतःच्याच जुन्या क्लबाविरुद्ध शेवटचा गोल तिचाच. करिअर अगदी शिखरावर आणि २०२१ ला दिवस राहिले. क्लबाला सांगितलं, क्लबाच्या संमतीने घरी आइसलंडला गेली बाळंतपणाला. आणि तिथे बसून बघतेय तर पगारच येत नाहीये. एक महिना वाटलं चूक असेल, मग कळलं चूक नाही. ती गेली फिफाकडे. फिफाने त्याच वर्षाच्या सुरुवातीला खेळाडूंच्या बाळंतपणाचे नियम आणलेले, चौदा आठवड्यांची रजा वगैरे, आणि ते नियम खरंच पाळायला लावता येतात का हे हिच्या केसमध्ये ठरलं. २०२२ च्या मेमध्ये निकाल लागला, क्लबाने ८२ हजार युरोंच्या वर रक्कम व्याजासकट द्यायची. नोव्हेंबर २०२१ ला मुलगा झाला, आणि पुढच्याच उन्हाळ्यात ही बाई यूरोला आइसलंडची कॅप्टन म्हणून मैदानात.

मला ओवी झाली तेव्हा मी एका कंपनीत होते, नाव नको, सहा महिन्यांनी परत गेले तर माझी खुर्ची दुसरीला दिलेली आणि मला सांगितलं की तू आता जरा हलकं काम घे, तुझ्याच भल्यासाठी. मी घेतलं मुकाट. साराने जानेवारी २०२३ ला हे सगळं स्वतः लिहून जगासमोर मांडलं, मी ते लंच टाइममध्ये वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले, आता सांगायला काही वाटत नाही.

अजून एक. त्याच २०२२ च्या यूरोत यांच्या तीनपैकी दोन मॅच मँचेस्टर सिटीच्या अकॅडमी ग्राउंडवर ठेवलेल्या, पाचेक हजारांचं ग्राउंड. साराने आधीच तोंडावर सांगितलं की हा अपमान आहे. आयोजकांना वाटलं असणार की आइसलंड आहे, येतंय कोण. त्याच स्पर्धेची फायनल वेम्बलीला ८७ हजारांनी बघितली.

---

हिरवा_चाफा

@ओवीच्या आई, तुम्हाला एक मिठी.

आणि तीच यूरो बघा ना. बेल्जियम १-१, इटली १-१, फ्रान्स १-१. एकही मॅच हरल्या नाहीत आणि बाहेर! बेल्जियम एक हरून, एक जिंकून पुढे गेलं. माणसाने करायचं काय.

---

तांबडा_रस्सा

हे म्हणजे तालमीतला पैलवान तिन्ही कुस्त्या बरोबरीत सोडवून घरी. शेतकऱ्याचं नशीब आहे यांचं.

---

डास_कॅपिटल

सगळं ठीक आहे पण मला एक खटकतं. दर वेळी गरीब-बिच्चारा-लहान-देश म्हणून आइसलंडच का पुढे येतो? गोरा, श्रीमंत, सुबक. दरडोई उत्पन्न जगात वरच्या दहात. हॉल बांधले, कोच ठेवले, कारण पैसा आहे. लहान देशाची खरी गोष्ट बघायची तर जमैका बघा. लोकसंख्या २८ लाख म्हणजे पुण्याहून कमी. २००८ नंतर फेडरेशनने बायकांची टीम पैसे नाहीत म्हणून बंदच करून टाकली, काही वर्षं मॅचच नाही म्हणून रँकिंगमधूनसुद्धा नाव गेलं. २०१४ ला बॉब मार्लेची मुलगी सेडेला मार्ले मध्ये पडली, पैसा उभा केला, २०१९ ला वर्ल्ड कपला गेल्या, कॅरिबियनमधली पहिली बायकांची टीम. २०२३ च्या वर्ल्ड कपआधी परत तेच, खेळाडूंनी जाहीर पत्र लिहिलं की सराव मॅच नाहीत, प्रवासाची धड व्यवस्था नाही, ठरलेले पैसे नाहीत. एका खेळाडूच्या आईने ऑनलाइन वर्गणी गोळा केली. आणि मग काय झालं? फ्रान्स ०-०, पनामा १-०, ब्राझील ०-०. एकही गोल न खाता ग्रुप पार, आणि ब्राझील बाहेर, त्यांची स्टार मार्ता जो शेवटचा म्हणत होती तो वर्ल्ड कप. वर्गणीवर आलेल्या टीमने!

---

अक्षांश६४

जमैकाबद्दल पूर्ण सहमत, दंडवत त्यांना. पण पैसा आहे म्हणून सगळं झालं हे नाही पटत. पैसा आखातातल्या देशांकडे पण आहे.

आणि आइसलंडमध्ये पण सगळं गुळगुळीत नाही. २०२१ ला त्यांच्या फुटबॉल असोसिएशनचं अख्खं बोर्ड राजीनामा देऊन गेलं, कारण पुरुष टीममधल्या खेळाडूंवरच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी नीट हाताळल्या नाहीत म्हणून लोक खवळले. त्यानंतर वांदा सिगुर्गेर्सदोत्तिर अध्यक्ष झाली, ती आधी बायकांच्या टीमची कॅप्टन आणि कोच होती, युरोपातल्या कुठल्याही फुटबॉल असोसिएशनची पहिली बाई अध्यक्ष. मॅच बोनस पुरुष-बायकांना सारखा हे त्याच्या आधीच, २०१८ च्या सुरुवातीला जाहीर झालं होतं.

तिथे बायकांनी मागितल्याशिवाय काही मिळालेलं नाही. २४ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ९० टक्के बायकांनी एक दिवस काम बंद केलं, घरचंसुद्धा. बापे लोक पोरांना घेऊन ऑफिसात, दुकानात सॉसेज संपलेले, कारण बापांना तेवढंच रांधता यायचं. माझ्या घरमालकीणबाई त्या मोर्चाला गेलेल्या. त्यांच्या नवऱ्याला मी विचारलं तर म्हणाले, मोठा दिवस होता, संपतच नव्हता.

---

भिंगरी_२१

😂😂 हे पण सासूबाईंना.

---

गोलपोस्ट_मोहन

ताई, राग येण्याबद्दल लिहिलंत ना त्यावरून. माझ्या मते आजोबांच्या रागाचं मूळ या यूरोत नाही, वर्ल्ड कपमध्ये आहे. पाच यूरो सलग खेळलेत (२००९, १३, १७, २२, २५), वर्ल्ड कप एकदाही नाही. आणि कसे कसे हुकलेत ते बघा.

ऑक्टोबर २०१७, वीसबाडेनला जाऊन जर्मनीला जर्मनीत ३-२. दाग्नीने दोन मारले. जर्मनी वर्ल्ड कप क्वालिफायरमध्ये १९९८ नंतर हरलीच नव्हती. मग सप्टेंबर २०१८, घरच्या मैदानावर तीच जर्मनी, जिंकलं तर थेट फ्रान्समधल्या वर्ल्ड कपचं तिकीट. लॉयगार्दालचं स्टेडियम फुल्ल, साडेनऊ हजारांवर लोक, म्हणजे साधारण देशातला दर सदतिसावा माणूस त्या स्टेडियममध्ये. ०-२. तीन-चार दिवसांनी चेक रिपब्लिकशी, जिंकलं तर निदान प्ले-ऑफ. उशिरा बरोबरी केली १-१ आणि मग अगदी शेवटी पेनल्टी मिळाली. घेतली सारा ब्यर्कने. अडली.

चार वर्षांनी, सप्टेंबर २०२२, युट्रेख्टला हॉलंडशी. फक्त ड्रॉ हवा होता. ९० मिनिटं गोलकीपर सांद्राने काय काय अडवलं, पोस्टने अडवलं, बारने अडवलं. ९३ व्या मिनिटाला ब्रुख्ट्स नावाच्या १९ वर्षांच्या मुलीचा क्रॉससारखा आलेला बॉल आत. गेलं. मग पोर्तुगालशी प्ले-ऑफ, रेड कार्ड, दहा जणींनी ९० मिनिटांत १-१, एक्स्ट्रा टाइममध्ये कोसळल्या, ४-१.

मी ती हॉलंडची मॅच रात्री मोबाईलवर बघत होतो, बायको झोपलेली, ९३ व्या मिनिटाला तोंडातून जो शब्द निघाला त्यावर पोरगं उठलं. मालाडला राहून मला एवढा त्रास होतोय तर त्या आजोबांचं काय.

---

हिरवा_चाफा

@मोहन, हे एवढं माहीत नव्हतं. आता ट्रेनमधलं सगळं वेगळंच दिसतंय. मी त्यांना म्हटलं होतं "इथवर आलात". आई गं.

---

तांबडा_रस्सा

ताई मनाला लावून घेऊ नका. पण मोहनभाऊ, आपल्याकडं बघा. गेल्याच शनिवारी आपल्या पोरींनी थायलंडला थायलंडमध्येच २-१ हरवलं, संगीता बासफोरनं दोन्ही मारले, एशियन कपला गेल्या, मैदानावर खेळून पहिल्यांदाच क्वालिफाय झाल्या. आमच्या ग्रुपवर कुणी टाकलं का? मीच टाकलं. तीन अंगठे आले, एक चुलत्याचा, तो सगळ्यालाच अंगठा देतो.

---

ओवी_च्या_आई

२०२२ चा एशियन कप तर आपल्याच इथे होता, नवी मुंबईत डीवाय पाटील, अंधेरी आणि पुण्याला बालेवाडी. किती जणांना आठवतो? भारत इराणशी ०-० खेळला आणि मग टीममध्ये कोविड पसरला, चायनीज तैपेईविरुद्ध तेरा जणीसुद्धा उभ्या करता आल्या नाहीत, स्पर्धेतूनच बाहेर. त्यातून पुढे वर्ल्ड कपची वाट होती. घरच्या मैदानावर. मी त्या दिवशी नेरूळलाच होते, मावशीकडे, स्टेडियमपासून दहा मिनिटांवर. मावशीला माहीतच नव्हतं की मॅच होती, आणि रद्द झाली हेही नाही.

---

निवृत्त_हेडक्लार्क

त्या वेळी राग यायला हवा होता. मला आला नाही, कारण मलाही माहीत नव्हते. ही माझी चूक.

---

डास_कॅपिटल

काका, तुमचा हा प्रतिसाद मला धाग्यातला सगळ्यात आवडला. (आणि हो, अक्षांश, सॉसेजचा मुद्दा मान्य.)

---

अक्षांश६४

अवांतर: तांबडा भाऊ, पुतणीला स्वेन्दिसचे थ्रो-इन दाखवा यूट्यूबवर. ही बाई हाताने बॉल थेट गोलच्या तोंडात टाकते, कॉर्नरइतकाच धोका. पळत येते, वाकते, आणि बॉल जातोच आहे जातोच आहे. थ्रोला ग्राउंड लागत नाही, फक्त एक भिंत आणि बॉल, सहाच्या आधी गच्चीवर पण होतं.

---

तांबडा_रस्सा

दाखवला काल. आज सकाळपासनं वाड्याच्या भिंतीवर धाड धाड चालू आहे. वैनी म्हणते पोपडे निघालेत, रंगाचा खर्च तुमच्याकडनं घेणार, ते आइसलंडवाले कोण भावजी आहेत त्यांचा नंबर द्या.

---

अक्षांश६४

नंबर नाही देणार 😅 एक लिटर डिस्टेंपर पाठवतो.

---

भिंगरी_२१

सासूबाईंचा प्रश्न आहे: मुलगी आईच्या नावाने पण दोत्तिर लावू शकते का?

---

हिरवा_चाफा

हो, चालतं, लावतात काही जणी. का गं?

---

भिंगरी_२१

काही नाही. आता त्या स्वतःचं नाव कागदावर लिहून बघतायत. सुमतीदोत्तिर.